खिडकीवरची पाटी

एकाच प्रोग्रॅमच्या तीन विंडो उघड्या आहेत आणि तिन्हींच्या वरच्या पट्टीवर एकच नाव आहे. कोणती विंडो कुणाची? प्रश्न किरकोळ वाटेल. पण महाडला मी ज्या दुकानात बसतो तिथे लोकांचे अर्ज भरून दिले जातात. तिथे या प्रश्नाचं उत्तर चुकलं, तर एकाची जन्मतारीख दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसते.

सकाळच्या एसटीने पोलादपूरच्या वरच्या अंगाची माणसं उतरतात. कुणाला उत्पन्नाचा दाखला हवा असतो, कुणाला रेशनकार्डात सुनेचं नाव घालायचं असतं, कुणाच्या नातवाचा शिष्यवृत्तीचा अर्ज राहिलेला असतो. मोहल्ल्यातली आखातात जाणारी मुलं पासपोर्टचा अर्ज घेऊन येतात, हजचे अर्ज सुटले की त्यांची गर्दी वेगळी. यातलं एकही काम एका बैठकीत संपत नाही. ओटीपी मुलाच्या फोनवर जातो, मुलगा पुण्याला कामावर असतो आणि फोन उचलत नाही. कुणाचा फोटो काढायचा राहिलेला असतो, कुणी आधारकार्ड घरी विसरलेलं असतं. मग त्याची विंडो तशीच उघडी ठेवायची आणि पुढच्याला बोलवायचं. दुपारपर्यंत पाच-सहा विंडो सहज साठतात.

अर्जदाराची माहिती एकदा भरून ठेवायची आणि पावती छापायची, यासाठी दुकानात एक जुना प्रोग्रॅम आहे. काम चोख करतो. हवा तितक्या वेळा उघडतो, पण दर वेळी वरच्या पट्टीवर फक्त स्वतःचंच नाव लिहितो. खाली टास्कबारवर बघा, नाहीतर ऑल्ट आणि टॅब दाबून बघा, सहाच्या सहा सारख्या. आत डोकावून नाव वाचावं, तर नावंही एकसारखी. आमच्याकडे एका गावात चार इब्राहिम, पोलादपूरकडे एका वाडीत सहा मोरे. बापाचं नाव, आजोबाचं नाव वाचेपर्यंत समोरचा माणूस घड्याळाकडे बघायला लागतो, कारण परतीची एसटी त्याच्यासाठी थांबणार नसते.

या कागदांची किंमत या भागात कुणाला सांगावी लागत नाही. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली गेलं, त्याच दिवशी तळियेवर दरड आली, पोलादपूर तालुक्यातही केवनाळे आणि साखरसुतारवाडीत दरडी कोसळल्या. त्यानंतरचे कित्येक महिने माणसं प्लॅस्टिकच्या पिशवीत चिखलाने चिकटलेले कागद घेऊन फिरत होती. घर नव्याने बांधायचं तर आधी आपण कोण हे कागदावर सिद्ध करावं लागतं. समोरचा माणूस काउंटरवर पिशवी ठेवतो तेव्हा तो अमानत ठेवत असतो. त्या अमानतीत एक अक्षर इकडचं तिकडे होता कामा नये.

म्हणून प्रत्येक विंडोवर पाटी लावायची ठरवली. प्रोग्रॅम स्वतः लावत नाही, तर बाहेरून लावायची.

हे जमतं कसं ते आधी सांगतो, कारण असंच काम करणारे काही वाचक आहेत. विंडोज आपल्या प्रत्येक विंडोला एक क्रमांक देते, त्याला हँडल म्हणतात. विंडो उघडी आहे तोवर तो क्रमांक बदलत नाही. वरच्या पट्टीवरचं नाव म्हणजे त्या क्रमांकाला चिकटवलेला मजकूर, इतकंच. ओळख क्रमांकाची, नाव फक्त माणसाच्या डोळ्यांसाठी. त्यामुळे नाव बदललं तरी आतल्या फाइलचं नाव बदलत नाही, माहिती बदलत नाही, प्रोग्रॅमचं काम थांबत नाही. ज्याच्या डोक्यावर पाटी लागली त्या प्रोग्रॅमला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

ही पाटी लावायला आयती साधनं आहेत. ऑटोइट १९९९ पासून आहे, ऑटोहॉटकी २००३ पासून. दोन्ही फुकट मिळतात. दोन्हींत विनसेटटायटल नावाचा आदेश आहे आणि तो शेवटी विंडोजच्याच सेटविंडोटेक्स्ट या सोयीकडे जातो. मी ऑटोहॉटकी वापरतो. त्यात एक बारकावा आहे. पहिल्या आवृत्तीत आधी कोणती विंडो ते सांगायचं आणि नवं नाव शेवटी लिहायचं. डिसेंबर २०२२ मध्ये दुसरी आवृत्ती आली, तिच्यात नवं नाव आधी आणि विंडो नंतर. जुनी स्क्रिप्ट नव्या आवृत्तीत तशीच्या तशी चालवली तर अडते, ती इथेही.

माझी स्क्रिप्ट वीस-पंचवीस ओळींची आहे. तीन बटणं एकदम दाबली की एक छोटी चौकट विचारते, पाटीवर काय लिहू? लिहून एंटर दाबलं की समोरच्या विंडोचा हँडल ती टिपून ठेवते आणि पाटी लावते. पण एवढ्यावर भागत नाही. प्रोग्रॅम आपलं नाव पुन्हा लिहू शकतो. काही प्रोग्रॅम फाइल सेव्ह केली की लिहितात. ब्राउझर तर टॅब बदलला की त्या पानाचं नाव वर आणतो, तुमची पाटी गेलीच. म्हणून स्क्रिप्ट दर सेकंदाला आपल्या यादीतल्या विंडोंवरून नजर फिरवते. नाव बदललेलं दिसलं की पाटी परत लावते, विंडो बंद झाली की यादीतून काढून टाकते.

आणखी दोन गोष्टी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला साध्या अधिकाराच्या स्क्रिप्टने हात लावू नये, अशी भिंत विंडोजने व्हिस्टापासून घातली आहे. तुमची पाटी कुठेच लागत नसेल तर कारण बहुतेक तेच. आणि दुसरी एखादी स्क्रिप्ट त्याच विंडोला तिच्या नावावरून शोधत असेल, तर तुम्ही नाव बदलताच तिला ती सापडेनाशी होते. ऑटोहॉटकीच्या पहिल्या आवृत्तीत काही वेगळं सांगितलं नाही तर नाव सुरुवातीपासून जुळावं लागतं, दुसरीत मधे कुठेही आलं तरी चालतं. म्हणून जुनं नाव पुसून न टाकता त्याच्यापुढे पाटी जोडणं बरं, आणि पावती छापणाऱ्या स्क्रिप्टला विंडो नावाने नाही तर प्रोग्रॅमच्या फाइलवरून शोधायला सांगणं त्याहून बरं.

आता मराठीचं. दुकानातल्या जुन्या संगणकावर ऑटोहॉटकीची युनिकोड नसलेली प्रत होती. तिच्यात पहिली पाटी लिहिली, ‘पोलादपूर ३’. विंडोवर उमटली आठ प्रश्नचिन्हं, मग एक मोकळी जागा, मग आणखी एक प्रश्नचिन्ह. मराठीतली फक्त मोकळी जागा तेवढी शाबूत राहिली.

यामागचं कारण जरा विचार करायला लावणारं आहे. जुन्या विंडोजमध्ये अक्षरांसाठी २५६ खणांची कपाटं असायची, त्यांना कोडपेज म्हणायचे. पश्चिम युरोपच्या भाषांसाठी १२५२ नंबरचं कपाट, आणि आपल्याकडच्या संगणकांवर बहुधा तेच. अरबीसाठी १२५६. या १२५६ मध्ये उर्दूचे टे, डाल, बडी ये हेही बसवलेले आहेत. म्हणजे उर्दूला त्या जुन्या दुनियेत एक जागा मिळाली होती. मराठीला मिळालीच नाही. देवनागरीसाठी असं कपाट विंडोजने कधी केलं नाही. आपली अक्षरं विंडोजमध्ये आली ती थेट युनिकोडमधून. तिथे १९९१ पासून देवनागरीला १२८ खणांचा सलग पट्टा आहे. त्याच्या अलीकडचा प्रोग्रॅम मराठी अक्षर समोर आलं की कपाटात शोधतो, मिळत नाही, आणि त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो.

छपाईच्या दुकानांनी यावर आपली वाट काढली होती. श्रीलिपीसारखे फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्याच खणांवर मराठी चित्रं रंगवायचे. कागदावर सुरेख मराठी उमटायची, पण फॉन्ट काढून घेतला की खाली निरर्थक इंग्रजी अक्षरं उरायची. विंडोची वरची पट्टी विंडोज स्वतःच्या फॉन्टने लिहिते, त्यामुळे तिथे ही वाट चालतच नव्हती. म्हणून त्या काळात लग्नपत्रिका मराठीत आणि तिच्या फाइलचं नाव इंग्रजीत, ही रीत पडली. मी युनिकोडची प्रत टाकली, स्क्रिप्ट यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली, आणि ‘पोलादपूर ३’ स्वच्छ दिसायला लागलं.

ती प्रश्नचिन्हं मात्र डोक्यातून गेली नाहीत. महाराष्ट्रात मराठी बोलणाऱ्या मुसलमानाला हा अनुभव नवा नाही. आपण बोलायला लागलो की समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर तेच चिन्ह उमटतं. मग तो कौतुकाने म्हणतो, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” त्याच्या मनात वाईट काही नसतं. त्याच्या कपाटात आपल्यासाठी खण नसतो, एवढंच. उर्दूचा खण आहे, तिथे आपण बसलो तर त्याला काही अडत नाही.

पण हे बाहेरच्यांचंच आहे असं म्हणून मोकळं होता येत नाही, आणि ते मला माझ्या भाच्याच्या पाट्यांनी दाखवलं. तो कॉलेज सांभाळून दुपारी दुकानात मदतीला येतो. स्क्रिप्ट त्याला इतकी आवडली की तो भराभर पाट्या लावायला लागला. एका दुपारी टास्कबारवर शेजारीशेजारी दोन पाट्या दिसल्या, ‘मराठी माणूस’ आणि ‘आपले चाचा’.

“हे काय लिहिलंस रे?”

“मामू, ते पोलादपूरचे बाबा मराठी आहेत ना, आणि हे आपले चाचा. पटकन कळतं.”

पोलादपूरचे बाबा आणि आपले चाचा दोघेही बाहेर बाकड्यावर बसले होते. पाऊस लांबला, भाताची लावणी अडली, मजूर मिळत नाहीत, असं त्यांचं चाललं होतं.

“चाचा कुठल्या भाषेत बोलतायत?”

“मराठीत.”

“तुझी शाळा कुठली?”

“मराठीच की.”

“आणि दोघांचे अर्ज तू कुठल्या भाषेत भरलेस?”

तो हसला. “मराठीत. पण मामू, घरात सगळे असंच म्हणतात. अम्मीपण म्हणते.”

खरं आहे. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांत हिंदू शेजाऱ्यांना सहज ‘मराठी लोक’ म्हणतात. शतकानुशतकं याच मातीत भात पिकवलं, याच नद्यांतून गलबतं नेली, आणि मराठी हे नाव मात्र आपणच शेजाऱ्याच्या दारावर लावून मोकळे झालो. मग तो आपल्या मराठीचं नवल करतो तेव्हा वाईट कशाला वाटून घ्यायचं? त्याची पाटी आणि आपली पाटी जुळतेच आहे. फक्त दोन्ही चुकीच्या आहेत. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. ते भरवणाऱ्यांना हेच सांगायचं होतं, असं मी समजतो. आणि महाडकरांना तर लांब जायलाच नको. डिसेंबर १९२७ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रह परिषदेला या गावात मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी दिली. त्या परिषदेचा इतिहास ‘आपले’ आणि ‘मराठी’ अशा दोन विंडोंत मांडायला गेलात तर तो कुठल्याच विंडोत मावत नाही.

भाच्याला मी प्रवचन दिलं नाही. एवढंच म्हणालो, की पाटी आपल्या सोयीसाठी आहे, ज्याला लावतो त्याला ती दिसत नाही, म्हणून ती लावताना जास्त जपायचं. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावं ठेवण्याची मनाई आहे. आपण तिचा अर्थ शिव्याशाप, टिंगलीची नावं असा घेतो. पण नाव ठेवणारा दुसराच असतो आणि ज्याला ते चिकटतं त्याला विचारलेलं नसतं, ही गोष्ट ‘मराठी माणूस’ लिहितानाही तीच आहे.

मग आम्ही दोघांनी बसून पाटीचे नियम ठरवले. पाटीवर टोकन नंबर, गाव आणि कामाचं नाव. ‘१४ पोलादपूर उत्पन्न’, ‘१५ महाड पासपोर्ट’. बस. माणसाचं नाव नाही, कारण काउंटरवरचा पडदा रांगेतल्या सगळ्यांना दिसतो आणि कोण कशाचा अर्ज करतंय हे सगळ्या बाजाराला कळायची गरज नाही. जात नाही, धर्म नाही, रेशनकार्डाचा रंग नाही. पैसे बाकी असतील तर तेही पाटीवर नाही. दोन पाट्यांत घोटाळा होत नाही ना, इतकं बघायचं. ‘आपले’ आणि ‘मराठी’ने ते काम होतही नव्हतं. तिसरा माणूस आला असता तर त्याला कोणती पाटी लावणार होतास, असं विचारल्यावर भाचा म्हणाला, “तेच तर, मग नंबरच बरा.”

बाहेरून नाव बदलणं आणि आतून बदलणं यात फरक आहे, तोही या कामात रोज दिसतो. काउंटरवर अजून असे शाळा सोडल्याचे दाखले येतात ज्यांवर ‘जि. कुलाबा’ लिहिलेलं असतं. १ जानेवारी १९८१ पासून आपला जिल्हा रायगड झाला. त्याआधीच्या दाखल्यावर जन्मगाव कुलाबा जिल्ह्यातलं. नातू विचारतो, आजोबा परजिल्ह्यातले का? नाही, गाव तेच, घर तेच, वरची पाटी बदलली. पण तो जुना दाखला कुणी खोडून दुरुस्त करत नाही, करूही नये. अर्जात आजचं नाव लिहायचं आणि सोबत जुना कागद जसा आहे तसा जोडायचा. ज्या किल्ल्यावरून जिल्ह्याला नाव मिळालं त्याचंही जुनं नाव रायरी. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला, त्याचा रायगड केला, आणि मग वर वाडे, सदर, बाजारपेठ, तलाव उभे राहिले. १६७४ मध्ये तिथे राज्याभिषेक झाला. तिथे नाव बदललं आणि आतही घडलं. हल्ली नावं बदलण्याचा जोर आहे. त्या प्रत्येक वेळी मला आधी हेच विचारावंसं वाटतं, की आत काय घडणार आहे, आणि आत राहणाऱ्यांचे जुने कागद पुढे चालणार ना?

प्रोग्रॅममध्येच सोय असेल तर मी स्क्रिप्ट वापरत नाही, हेही सांगून ठेवतो. क्रोमसारख्या ब्राउझरमध्ये विंडोला स्वतः नाव द्यायची सोय मेनूतच आहे. तिथे दिलेलं नाव ब्राउझर आपलं मानतो, टॅब बदलला तरी पुसत नाही. दर सेकंदाला पहारा करावा लागत नाही. बाहेरून लावलेल्या पाटीला मात्र कायम पहारा लागतो. आपण जरा दुसरीकडे बघितलं की आतला प्रोग्रॅम आपलं खरं नाव पुन्हा वर आणतो. त्याचा राग मानायचं कारण नाही, तो त्याचा हक्क आहे.

दुपारनंतर मुलाचा ओटीपी येतो, बाबांचा उत्पन्नाचा अर्ज पुढे जातो, पावती छापली जाते. विंडो बंद केली की तिच्याबरोबर पाटीही जाते. कुठे नोंद राहत नाही, फाइलवर डाग राहत नाही. पावतीवर त्यांचं नाव त्यांनी सांगितलं तसंच असतं. बाबा ते दोनदा वाचून खात्री करतात, “बरोबर हाय भाई” म्हणतात, आणि कागद पिशवीत घालून पोलादपूरची एसटी धरतात.